बिल्ला नंबर एक

मनीमाजऱ्यातल्या त्या घराची किल्ली माझ्या हातात देण्याआधी घरमालक काकांनी एक जादा किल्ली शिकंज्यात धरली आणि माझ्यासमोर तिचे दात कानशीने घासून सपाट केले.

"आता दोनच उरल्या," ते म्हणाले. "एक तुझी, एक माझी. तिसरी कोणाकडे दिसली तर ती तुझ्याकडून गेली असं मी समजीन."

"आणि तुमच्याकडून गेली तर?"

ते क्षणभर विचारात पडले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "तसं होत नसते."

काका मूळचे नागपूरचे. सगळी नोकरी हवाई दलात, विमानांच्या देखभालीत गेलेली. शेवटची बदली चंडीगडला झाली आणि निवृत्तीनंतर त्यांनी मनीमाजऱ्याच्या जुन्या वस्तीत हे दुमजली घर घेतलं. मी इचलकरंजीची, मोहालीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायचा मला पगार मिळायचा. मराठी घरमालक मिळाले एवढ्यावर भुलून मी रोजचा लांबचा प्रवास पत्करला. आईला फोनवर म्हटलं, आपली माणसं आहेत, काळजी करू नको. आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की माझ्याहून मोठा टेस्टर खालच्या मजल्यावर राहतो.

ओसरीच्या दोन भिंतींवर दोन तापमापक होते. त्या दोघांचं कधीच जुळायचं नाही, म्हणून निवाड्याला तिसरा आणला होता, आणि तिसऱ्यावर तर काकांचा मुळीच विश्वास नव्हता, कारण तो सेलमध्ये मिळाला होता. बंडीच्या खिशात हुकाचा छोटा वजनकाटा कायम असायचा. भाजीवाला पिशवी देऊन वळायच्या आत ती काट्याला लटकलेली असे. वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवणाऱ्या बँकेवर त्यांचा खास राग होता. "माझ्या वाढदिवसाशी यांना काय करायचं आहे?" असं ते मला विचारायचे, जणू ती बँक माझ्या माहेरची होती.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आधी संशय, मग सही." विमान दुरुस्त झालं की कागदावर सही करणारा माणूस हे असायचे. "सही करणारा खालीच राहते. वर जाते तो दुसराच," ते म्हणायचे. हे वाक्य मात्र ते कधी हसत म्हणाले नाहीत.

स्वयंपाकघराला लागून त्यांची हत्यारांची खोली होती. भिंतीवर राखाडी रंगाची मोठी फळी आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराची पांढऱ्या रंगात काढलेली बाह्याकृती. पक्कड पकडीच्या आकृतीवर, पाना पान्याच्या आकृतीवर. हत्यार काढलं की त्या जागी पितळेचा एक गोल बिल्ला अडकवायचा, कोणाकडे गेलंय ते कळावं म्हणून. ही हवाई दलातली पद्धत. तिथे म्हणे एक पाना जरी फळीवर परत आला नाही तरी विमान जागचं हलत नाही, कारण तो पाना इंजिनात राहिलेला असू शकतो. घरात बिल्ला एकच होता, त्यावर ठशाने १ उमटवलेलं, आणि तो काकांचा. मला एकदा साधा स्क्रू ड्रायव्हर हवा होता तर काका स्वतः तो घेऊन वर आले, माझ्या शेजारी उभे राहून मला तीन स्क्रू पिळू दिले आणि हत्यार घेऊन खाली गेले.

काकू मला सांगायच्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, मला अजून नंबर नाही. टाचणी लागली तरी अर्ज करावा लागते."

नागपूरच्या गाडीची गोष्टही काकूंनीच सांगितली. मुलीच्या साखरपुड्याला निघाले होते. टॅक्सी दारात, सामान डिकीत, आणि काका म्हणाले पक्कड जागेवर नाही. झालं. कोणी हलायचं नाही. टॅक्सीवाल्याचीसुद्धा उलटतपासणी झाली, तो बिचारा घरात पाऊलही न टाकलेला. पक्कड गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणावर सापडली तेव्हा गाडी अंबाल्याच्याही पुढे गेली होती. "आणि पकडीची चूक होती असं तोंड करून तिच्याकडे पाहून राहिले होते," काकू म्हणाल्या.

त्या फळीवर माझ्या देखत एक नवी आकृती उमटली. मुठीसारखी मागची बाजू, पुढे वीतभर लांब पट्टी. हत्यार मात्र नव्हतं. मी काकूंना विचारलं तर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "करवत आहे. बॅटरीवरची, साखळीची. घ्यायची का नाही घ्यायची, हा विचार चालू आहे."

त्या विचाराचं कारण काकूच होत्या. पावसाळ्यात ओल्या अंगणात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, काठी आली, आणि जिना बंद झाला. इकडच्या थंडीत न राहिलेल्या माणसाला यातलं दुःख कळणार नाही. डिसेंबर-जानेवारीत धुकं उतरतं, भिंती बर्फाच्या लाद्यांसारख्या होतात, आणि जे काही ऊन पडतं त्यात बसून दिवस काढायचा असतो. काकू दरवर्षी गच्चीवर बसायच्या, मटार सोलायच्या, शेजारणींशी गप्पा मारायच्या. आता त्यांच्या वाट्याला फक्त मागची ओसरी उरली होती आणि ओसरीवर आंब्याचं झाड होतं. आंबा थंडीतही पानं टाकत नाही. दोन जाड फांद्या माझ्या सज्जाला घासून ओसरीवर पसरलेल्या, त्यामुळे खाली कायम दमट अंधार.

नागपूरहून मुलीचा रोज फोन यायचा. आई, तू इकडे ये, आणि खरं म्हणजे ते घरच विकून टाका. काकूंनी ठरवून टाकलं होतं. थंडी पडायच्या आत ओसरीवर ऊन आलं तर राहायचं, नाही तर नागपूरला जायचं. "आणि गेले तर पुन्हा हे जिने-उंबरे चढायला येणार नाही मी," त्यांनी मला स्वच्छ सांगितलं. काका घर सोडून जाणं शक्यच नव्हतं. घर कोणाच्या भरवशावर सोडणार?

फांद्या छाटण्याची परवानगी काकांनी कधीच आणून ठेवली होती. अडलं होतं ते कापायचं कोणी यावर. लाकूडतोड्याला बोलवायचं तर तो दोन फांद्यांच्या नावाखाली बुंधाच नेईल, असं काकांचं मत. शेजारचे सरदारजी भिंतीवरून डोकावून म्हणाले, "फौजी साब, टेन्शन ना लो जी. मेरे पास आरा पड़ा है, मैं आप आ के काट दूँगा. दो मिनट का काम है."

काकांनी त्यांचे आभार मानले आणि आत येऊन दार लावलं. "दोन मिनिटांचं काम म्हणते. आपल्या झाडाच्या कैऱ्या त्याच्या अंगणात पडतात. त्याच्या बाजूच्या फांदीला तो हात लावणार नाही आणि आपली बाजू बोडकी करून ठेवीन."

"काका, आपल्याला आपलीच बाजू बोडकी करायची आहे की."

"तेच तर. त्याला कसं कळलं?"

मग करवत निवडायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण मोबाईल मला कळतो. मी रोज संध्याकाळी दोन-तीन करवतींची माहिती काढायची आणि काकांनी ती फेटाळायची. तारीफ जास्त असली तर कंपनीने पैसे देऊन लिहून घेतली, तक्रारी जास्त असल्या तर दुसऱ्या कंपनीने. दोन्ही सारख्या असल्या तर ते सगळ्यात संशयास्पद. त्यांचा एकच हट्ट होता, करवत हलकी हवी. एका हातात सहज मावेल अशी. मी म्हटलं, फांदी मांडीएवढी जाड आहे, जरा दणकट घेऊ या. ते ऐकेनात. हलकीच. फळीवरची आकृती पुसायची, नवी काढायची, पुन्हा पुसायची. ऑक्टोबर असाच गेला.

एका रविवारी आम्ही मनीमाजऱ्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने खोका उघडला, करवत बाहेर काढली, "अंकल जी, फूल जैसी हल्की है," म्हणाला. काकांनी खिशातून काटा काढला. खोक्यावर छापलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत चांगलाच फरक निघाला. दुकानदार म्हणाला, "वो बिना बॅटरी का लिखा है जी." काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आयुष्यभराच्या संशयाची फेड झाली होती. "बिना बॅटरीची करवत घेऊन मी काय आंब्याला ओवाळू?" ते मराठीतच गरजले आणि आम्ही हात हलवत परत आलो. सगळ्या रस्त्याने ते खूश होते. मी नव्हते. पहाटे स्वेटर लागायला लागला होता आणि काकूंच्या गुडघ्यांवर दिवसभर शाल असायची.

टेस्टरला एक सवय असते. कोणी एकाच गोष्टीचा फार आग्रह धरला की बाकीच्या गोष्टींकडे बघायचं. हलकीच का? मी बघायला लागले. काका पेपर हातात धरत नसत, टेबलावर पसरून वाचत. बंडीला बटणं नव्हती, दाबून लावायचे चाप होते. आणि चहा. काकू मला कप भरून द्यायच्या आणि काकांना नेहमी अर्धा. मला वाटायचं साखरेचा त्रास असेल, पण जिलबी तर ते दोन-दोन खात.

त्याच दिवसांत काकांनी मला काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला दिला आणि हात लांब करून धरायला सांगितलं. मी धरला. ते माझ्याशी पाण्याच्या बिलाबद्दल बोलत राहिले, डोळे मात्र पेल्यावर. पाणी सांडलं नाही. "ठीक," एवढंच म्हणून त्यांनी पेला परत घेतला. म्हाताऱ्याचं काही तरी बिनसलंय असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी भाडं द्यायला खाली गेले तर हत्यारांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. काका फळीसमोर उभे होते, उजवा हात पुढे, हातात तोच पेला. फरशी ओली होती. बंडीची बाही ओली होती. त्यांनी पेला खाली ठेवला, पुन्हा भरला, पुन्हा हात पुढे केला. पाणी पुन्हा सांडलं. मी आवाज न करता मागे फिरले. त्या क्षणी मला त्या माणसाची इतकी दया आली की वर जाऊन मी उगाचच आईला फोन केला.

म्हणजे सगळे महिने हा माणूस दुकानदारावर, शेजाऱ्यावर, खोक्यावरच्या छापील अक्षरांवर संशय घेत होता, आणि खरा संशय ज्याच्यावर होता तो त्याच्या खांद्याला लटकत होता.

नोव्हेंबर सरत आला तेव्हा काकूंनी माझ्याकडून मोबाईलवर नागपूरच्या गाड्या बघून घेतल्या. काका समोरच बसले होते. संध्याकाळी एकटेच बाजारात गेले आणि करवत घेऊन आले. तीच, बिना बॅटरीच्या वजनाची. फळीवरच्या आकृतीत ती बरोबर बसली. तिच्याखाली त्यांनी मला उभं केलं आणि माझ्या तळहातावर एक नवा पितळी बिल्ला ठेवला. त्यावर २ असा ठसा होता, जरा तिरका.

"रविवारी सकाळी," ते म्हणाले. "तुझ्या सज्जातून. शिडी नाही, वाकणं नाही. मी सांगीन तसं."

"काका, मी कधी खिळा ठोकला नाही."

"म्हणूनच. खिळा ठोकणाऱ्याला सगळं येते असं वाटते."

काकू दारातून बघत होत्या. "हिला आठ महिन्यांत नंबर," त्या म्हणाल्या. "वा बाप्पा."

रविवारी दोर धरायला सरदारजींना सज्जात बोलवावं लागलं, कारण कापलेली फांदी ओसरीच्या फरशीवर न आदळता हळू उतरायला हवी होती आणि दोराला ताकद लागते. काकांनी त्यांच्यावर उपकार केल्यासारखा दोर त्यांच्या हातात दिला. आधी साखळीचा ताण बघायचा होता. काका आमच्याकडे पाठ करून बसले आणि छोट्या किल्लीने साखळी घट्ट करू लागले. त्या कामाला लागायला हवा त्याहून फार जास्त वेळ लागला. सरदारजी मला डोळ्यांनी "काय झालं?" असं विचारत होते, मी दुसरीकडे बघत राहिले. शेवटी काका उठले, म्हणाले, "झालं. माझी सही."

मग माझी पाळी. चष्मा, हातमोजे, करवत दोन्ही हातांत. "आधी खालून थोडी काप," काका माझ्या कानाशी सांगत होते. "वरून सरळ कापशीन तर फांदी मोडताना बुंध्याची साल सोलून नेईन. खालून. बस. आता वरून, चार बोटं पुढे. टोक टेकवू नको, उसळी मारीन. दाबू नको, तिचं काम तिला करू दे." ओला भुसा माझ्या चष्म्यावर उडत होता, हात झिणझिणत होते, आणि काकांचा आवाज मात्र अजिबात हलत नव्हता. फांदी कडाडली, दोरावर तोलली, सरदारजी "ओय होय" करत मागे रेलले आणि ती अलगद खाली गेली. मग दुसरी. मग दोन्ही खुंट बुंध्याच्या गाठीपर्यंत नीट छाटले. मी खाली डोकावले तर ओसरीच्या फरशीवर उन्हाचा एक मोठा पांढरा तुकडा पडला होता आणि काकू काठी टेकत तिकडे निघाल्या होत्या.

मला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात काका म्हणाले, "थांबा. किल्ली कुठे आहे?"

साखळी घट्ट करायची ती बोटभर किल्ली. करवत होती, झाकण होतं, बॅटरी होती, चष्मा होता, किल्ली नव्हती. काकांचा चेहरा पार बदलला. "कोणी खाली जायचं नाही."

सज्जा झाडून झाला, भुसा चाळून झाला. मग त्यांनी खिसे उलटे करायला सांगितले. सरदारजींनी हसत हसत खिशातून मूठभर भुईमुगाच्या शेंगा आणि एक रुमाल काढून दाखवला. "फौजी साब, तुस्सी ग्रेट हो." मी खिसे उलटे केले. तरी काका माझ्या हातमोज्यांकडे बघत राहिले, तेव्हा माझा संयम संपला.

"काका, केसांत भुसा, हाताला मुंग्या, आणि वर मी चोर? तुमची किल्ली घेऊन मी काय करू, सांगा की! घ्या तुमचा बिल्ला परत!"

मी खरंच बिल्ला पुढे केला. त्यांनी घेतला नाही. खालून, उन्हातून, काकूंचा आवाज आला. "अहो, सगळ्यांचे खिसे झाले. तुमचे पाहिले का?"

काका म्हणाले, "माझ्याकडे कशी..." आणि बोलता बोलता त्यांचा हात बंडीच्या खिशात गेला. वजनकाट्याच्या हुकाला अडकून ती किल्ली बाहेर आली.

सरदारजी शेंगा सोलत आकाशाकडे बघायला लागले, त्यांच्याबद्दल मला त्या वेळी फार आदर वाटला. काकांच्या बोटांत ती किल्ली थरथरत होती आणि या वेळी त्यांनी पाठ केली नाही. आम्ही दोघांनीही नीट पाहावं म्हणून थांबल्यासारखे ते उभे राहिले.

"मीच टाकली खिशात," ते म्हणाले. "घाईत. हात दिसू नये म्हणून."

मग ते खाली उतरले. मी मागोमाग गेले, कारण त्यांच्यामागे जिन्यावर कोणी तरी असावं असं मला वाटलं. हत्यारांच्या खोलीत त्यांनी करवत तिच्या आकृतीवर टांगली, किल्ली तिच्या खिळ्याला अडकवली आणि खुंटीवरचा १ नंबरचा बिल्ला काढला. ओसरीवर आले. काकू खुर्चीवर बसल्या होत्या, शाल बाजूला टाकलेली, दोन्ही पावलं उन्हात. काकांनी तो बिल्ला त्यांच्या मांडीवर ठेवला.

"ज्याला हत्याराचा हिशेब देता येत नाही त्याचा बिल्ला काढून घेतात," ते म्हणाले. "माझ्या हाताखालच्या किती जणांचे घेतले मी. आता हा तुझ्याकडे."

काकूंनी बिल्ला उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला, पदराला पुसला. "चला," त्या म्हणाल्या, "मला नंबर मिळाला एकदाचा. तोही एक."

काका त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले. मी आतून चहा आणला आणि माझ्या धांदलीत त्यांचाही कप काठोकाठ भरला. त्यांनी तो घेतला नाही.

"अर्धाच दे," ते माझ्याकडे बघत मोठ्याने म्हणाले, भिंतीपलीकडे घरी परतलेल्या सरदारजींनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "हात हलते माझा."

काकूंनी माझ्या हातातून तो कप घेतला आणि त्यातला अर्धा चहा आपल्या कपात ओतला.

"माहीत आहे नं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर कधीची अर्धाच देऊन राहिले."